सिद्धतेचा आग्रही : एड्सगर डायक्स्ट्रा

दोन गावांमधला सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची जी रीत संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते, ती एड्सगर डायक्स्ट्रा यांना १९५६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका कॉफीगृहात, वाग्दत्त वधूसमवेत बसले असताना, वीसेक मिनिटांत सुचली. हाताशी कागदही नव्हता.

११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे त्यांचा जन्म झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिती. लायडन विद्यापीठात शिकत असतानाच ते केंब्रिजच्या प्रोग्रॅमिंग वर्गाला गेले आणि १९५२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात दाखल झाले. १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी प्रोग्रॅमर हा व्यवसाय अधिकाऱ्यांनी मान्य केला नाही. सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली. १९६२ पासून ते आइंडहोव्हेन येथे प्राध्यापक होते. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्यांची खरी झुंज शिकवण्याच्या पद्धतीशी होती. प्रोग्रॅम चालवून पाहिल्याने चुका सापडतात, पण त्या उरल्या नाहीत असे सिद्ध होत नाही, ही त्यांची भूमिका. १९८८ मध्ये, टेक्ससमधील ऑस्टिन विद्यापीठात असताना, त्यांनी ती टोकाला नेली. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एकही प्रोग्रॅम संगणकावर चालवू नये, आधी सिद्धता लिहायला शिकावे आणि त्यांना शिकवायची भाषाही आवारातल्या कोणत्याच यंत्रावर उपलब्ध नसावी! पुढल्या वर्षी 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकाने हा लेख छापला, तो रिचर्ड हॅमिंग, रिचर्ड कार्प, टेरी विनोग्राड आदींच्या उत्तरांसह.

उणीव एका ठिकाणी स्पष्ट दिसते. डायक्स्ट्रा विषयाच्या स्वरूपावरून अध्यापनाचे नियम काढीत; विद्यार्थी प्रत्यक्षात काय करतो, हे मोजण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. एलियट सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये नेमके तेच केले होते. आवर्तनाच्या मध्यातून बाहेर पडण्याची मुभा दिली, तेव्हा विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम अधिक प्रमाणात बरोबर आले. संरचित प्रोग्रॅमिंगच्या कर्मठ शिस्तीला हे रुचणारे नव्हते. अर्थात, असल्या प्रयोगांवर डायक्स्ट्रापक्षाचा आक्षेपही पोकळ नाही : चुकीच्या पद्धतीने वाढलेल्या मुलांना काय सोपे जाते एवढेच त्यातून कळते, काय शिकवावे, हे कळत नाही.

यंत्राविषयी एवढे लिहिणारा हा माणूस अनेक वर्षे फाउंटन पेनाने लिहीत राहिला. स्वतःच्या आद्याक्षरांखाली क्रमांक घालून तेराशेहून अधिक टिपणे त्यांनी सिद्ध केली आणि त्यांच्या प्रती परिचितांना टपालाने धाडल्या. १९९९ मध्ये निवृत्त झाल्यावर ते मायदेशी, न्यूनेन या गावी परतले. ६ ऑगस्ट २००२ रोजी तेथेच कर्करोगाने त्यांचे निधन झाले.