फळ्यावरची ओळ आणि भडगावचे मास्तर

शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी वरच्या कोपऱ्यात तारीख, वार आणि पटसंख्या लिहिली जाते. त्याखाली असतो आजचा सुविचार. कधी विवेकानंद, कधी सॉक्रेटिस, कधी नुसताच 'एक विचारवंत'. मग गणिताचे सर येतात, डस्टर फिरवतात आणि तो विचार खडूची धूळ होऊन खाली पडतो. बँकेत असताना मीही टेबलाच्या काचेखाली अशी वचने कापून ठेवत असे. दुपारी बाराच्या गर्दीत काचेवर पासबुकांचा आणि व्हाउचरांचा ढीग पडला, की त्यांतले एकही दिसत नसे. आता तर पहाटे डोळे उघडायच्या आत दहा थोरांची दहा वचने मोबाइलवर येऊन पडलेली असतात.

आमच्या या गिरणाकाठच्या भडगावात सव्वाशे वर्षांपूर्वी एक मास्तर शिकवत होते. त्यांच्या ओळीही आज फळ्यावर चढतात, सत्काराच्या भाषणात येतात, निमंत्रणपत्रिकेवर छापल्या जातात. कृष्णाजी केशव दामले हे त्यांचे नाव. मराठी वाचक त्यांना केशवसुत म्हणून ओळखतो. या लेखात त्यांची एकही ओळ मी देणार नाही. ओळी पुष्कळांना पाठ आहेत. त्यांच्या मागचे आयुष्य तेवढे पाठ नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडला १८६६ साली त्यांचा जन्म झाला. वडील केशव विठ्ठल दामले शाळेत शिक्षक. घर कोकणस्थ ब्राह्मणाचे, माणसे पुष्कळ, मिळकत बेताची. संध्या, सोवळे-ओवळे, व्रतेवैकल्ये हे त्या काळी अशा घराचे रोजचे वेळापत्रक असे. पंधराव्या वर्षी लग्न झाले. शिक्षणासाठी बडोदा, वर्धा, नागपूर अशी भटकंती झाली आणि अखेर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. धाकटे बंधू मोरो केशव पुढे मराठीचे थोर व्याकरणकार म्हणून गाजले. थोरल्याच्या नशिबी मात्र पदवी नव्हती.

पुण्यातल्या त्या वर्षांनी त्यांना दुसरेच काही दिले. १८८८ मध्ये गोपाळ गणेश आगरकरांनी 'सुधारक' सुरू केला. जे बुद्धीला पटत नाही ते केवळ जुने म्हणून पाळायचे नाही, हा त्यांचा आग्रह. मिल आणि स्पेन्सर वाचून आगरकरांनी आपले मत बनवले होते, आणि त्याची किंमत म्हणून जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली होती. तरुण दामल्यांच्या मनावर हे वारे बसले ते कायमचे.

धर्माची पकड तेव्हा किती घट्ट होती, हे आज मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी सभेला गेली आणि तिथे पुढे आलेल्या चहावरून केवढे तरी ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. कप चहाचा होता, पण बहिष्कार पडला की मुलीचे लग्न अडे, श्राद्धाला भटजी मिळेना. अशा काळात केशवसुत मुंबईला गेले, तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या करत राहिले आणि काही दिवस मिशनच्या शाळेतही त्यांनी शिकवले.

त्यांनी धर्म सोडल्याची कुठे जाहीर सभा झाली नाही. त्यांची नोंद आहे ती कवितांत. एका कवितेत अस्पृश्याचे पोर आईला आपला पहिला प्रश्न विचारते. एका कवितेचे नावच 'मूर्तिभंजन' आहे. १८९३ ची 'तुतारी' जुन्या रूढींवर चालून जाते, आणि १८९८ च्या 'नवा शिपाई'मध्ये जात, धर्म, पंथ यांच्या पाट्या माणूस स्वतःच्या हातांनी उतरवून ठेवतो. मात्र ते देव नाकारून मोकळे झाले असेही नाही. 'झपूर्झा' वाचताना कळते, की या जगापलीकडच्या कशाची तरी ओढ त्यांना शेवटपर्यंत होती. त्यांना नकोसे झाले होते ते कुंपण.

पण कुंपण मोडल्यावर उभे राहायचे कुठे? प्रश्न फक्त कवीचा नाही. आजही घरातला मुलगा देवपूजेला बसेनासा होतो, मुलगी उपास सोडते, तेव्हा आईच्या पोटात गोळा येतो. तिला वाद घालायचा नसतो. उद्या वाईट वेळ आली तर याच्या हाताला धरायला काय आहे, एवढीच तिची काळजी असते, आणि ती खोटी नाही.

केशवसुतांच्या जवळच्याच माणसाने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले होते. नागपुरात ओळख झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये आगरकर गेले. वय अवघे अडतीस. एका वर्षात एक स्नेही दुसऱ्या धर्मात गेला आणि ज्यांच्याकडे पाहून चालायचे ते जगातून गेले. केशवसुत कुठल्याच दारातून आत शिरले नाहीत. ते वाचत राहिले.

वर्डस्वर्थ, शेली, कीट्स हे कवी त्यांच्या वाचनात होते, तसेच अमेरिकेचे एमर्सनही होते. कवी म्हणजे काय, या त्यांच्या कल्पनेवर एमर्सनच्या विचारांची छाया अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. या एमर्सनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते स्वतः बोस्टनच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. प्रभुभोजनाच्या विधीवर मन बसेना, म्हणून १८३२ मध्ये त्यांनी जागा सोडली आणि पुढचे आयुष्य व्याख्याने देण्यात व निबंध लिहिण्यात घालवले. त्यांनी भगवद्गीता वाचली ती चार्ल्स विल्किन्सच्या १७८५ च्या इंग्रजी भाषांतरातून, आणि ब्रह्मावर कविताही लिहिली. म्हणजे आपल्या घरातला कर्मठपणा सोडून निघालेल्या कोकणातल्या तरुणाला जो ग्रंथकार भेटला, त्याच्या शिदोरीत आपल्याच घरातले थोडे धान्य होते!

इथे एक धोका असतो. जुनी पोथी ठेवून द्यायची आणि तिच्या जागी नवी आणायची. कालपर्यंत शास्त्रात म्हटले आहे म्हणून खरे, आजपासून साहेबाने म्हटले आहे म्हणून खरे. त्या काळच्या कितीतरी इंग्रजी शिकलेल्या मंडळींचे असे झाले. केशवसुतांनी परक्या कवितांची भाषांतरे केली, इंग्रजी सुनीताची चौदा ओळींची रचना १८९२ च्या सुमारास मराठीत आणली. पण मिळालेला विचार त्यांनी उसन्या रूपात ठेवला नाही. तो आपल्या भाषेत मुरवला आणि स्वतःच्या परिस्थितीवर घासून पाहिला. त्यांची परिस्थितीही काही सोपी नव्हती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसे गाड्या भरभरून शहर सोडू लागली. केशवसुतही पुढे मुंबई सोडून खानदेशात आले आणि भडगावच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत शिक्षक झाले. इथली बोली अहिराणी, उन्हाळा अंग भाजणारा, कोकणातल्या हिरव्या डोंगरांशी काही नाते नाही. लाजाळू, एकलकोंड्या माणसाने अशा ठिकाणी रोज मुलांना इंग्रजी धडे समजावून द्यायचे आणि घरी परतल्यावर कविता लिहायची. तरी खानदेश अगदी परका नव्हता. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक काढत होते आणि त्यात केशवसुतांच्या कविता येत. पुण्याला हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' होते. १९०१ मध्ये फैजपूरच्या इंग्रजी शाळेत ते मुख्याध्यापक झाले. कवी कोण असतो, हे सांगणारी त्यांची प्रसिद्ध कविता त्याच वर्षातली.

म्हणून त्यांना सगळे गवसले होते, असे सांगून मी वाचकांची फसवणूक करणार नाही. अखेरच्या काळातली 'हरपले श्रेय' ही कविता काहीतरी हरवल्याची आहे. ज्याच्या शोधात निघालो ते हातचे निसटले, आणि नेमके काय निसटले तेही सांगता येत नाही, अशी ती तगमग आहे. ज्याने रूढीवर तुतारी फुंकली त्याने आपली पोकळी झाकून ठेवली नाही. मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रामाणिकपणा हाच वाटतो. बंडाची कविता लिहायला धैर्य लागते. बंडानंतरचे रितेपण कबूल करायला त्याहून अधिक लागते.

एप्रिल १९०४ मध्ये ते धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून गेले. पुढल्या वर्षी हुबळीला गेले असता तिथे प्लेगने त्यांना गाठले. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी ते गेले. वय अवघे एकोणचाळीस. आठवड्याभराने पत्नीही त्याच साथीत गेली. मागे राहिल्या तीन मुली.

हयातीत त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले नाही. ते निघाले १९१७ मध्ये, हरिभाऊ आपट्यांच्या खटपटीने. त्याआधी १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले आणि धरणगावचा एक कोवळा मुलगा तिथे कविता म्हणून सगळ्यांना चकित करून गेला. तोच आपला बालकवी. केशवसुत दोन वर्षे आधीच गेले होते. पण त्यांनी मोकळी केलेली वाट त्या मुलाच्या पायाखाली होती.

घरातल्या मुलाच्या काळजीने जी आई जागते, तिला या आयुष्यातून काय सांगावे? पुस्तकातले वचन संकटात धावून येईल, असे मी सांगणार नाही. फळ्यावरचे येत नाही, काचेखालचेही आले नव्हते. जे आपण स्वतः घासून पाहिले, ज्याच्यासाठी काही सोडले, ज्याविषयी रात्री शंका आली आणि सकाळी पुन्हा विचार केला, तेवढेच कामाला येते. मुलगा जर असे करत असेल, तर त्याच्या हाताला धरायला काही आहे. आणि त्याने सारे घर टाकले, असेही समजू नये. ज्या दामले मास्तरांनी बापजाद्यांचे इतके काही उतरवून ठेवले, त्यांचे मराठीत टिकलेले नाव आहे केशवसुत, म्हणजे केशवाचा मुलगा.

उद्या सकाळी शाळेच्या फळ्यावर त्यांची ओळ दिसलीच, तर डस्टर फिरण्याआधी कोणी तरी मुलांना एवढे सांगावे, की हे मास्तर याच गावात शिकवत होते.