श्रीसंत गाडगेबाबा : चरित्र आणि खराट्याचा बोध

थोर पुरुषांच्या चरित्राने स्मरणिकेचा आरंभ करावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो प्रघात योग्यच होय. तथापि ज्या पुरुषाने आयुष्यभर हार नाकारले, पायावर डोके ठेवू पाहणाऱ्यास दूर सारले, आणि आपले देऊळ वा पुतळा कोठेही उभारू नये असा आग्रह धरला, त्याचे चरित्र लिहिताना लेखणी क्षणभर संकोचते. श्रीसंत गाडगेबाबा यांचा जन्म परीट ज्ञातीत झाला, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. त्या अभिमानास आपण कितपत पात्र आहोत, याचा विचार त्यांच्या चरित्राच्या उजेडात व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. तेव्हा आई सखुबाई लहानग्या डेबूजीला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. मामांच्या घरी गुरे राखणे, नांगर धरणे, मोट हाकणे यांत डेबूजींचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मामांची जमीन सावकाराच्या कर्जात गेली आणि त्या दुःखाने मामाही गेले. ज्याला अक्षरओळख नाही त्याला कागदावरच्या अंगठ्याने कसे लुबाडले जाते, हे डेबूजींनी त्या वयात डोळ्यांनी पाहिले. पुढे कीर्तनांतून कर्ज, व्यसन आणि अज्ञान यांवर ते जे कोरडे ओढीत, त्यांचे मूळ या अनुभवात आहे.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुलीच्या बारशाला ज्ञातभाईंना मांसाची आणि दारूची पंगत घालावी, अशी तत्कालीन रीत होती. डेबूजींनी ती मोडून गोडाधोडाचे साधे जेवण घातले. त्यामुळे ज्ञातीत कुजबूज झाली. सुधारणेचा आरंभ दुसऱ्याच्या अंगणात करणे सोपे असते. डेबूजींनी तो स्वतःच्या पंगतीपासून केला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. त्यानंतरची बारा वर्षे अखंड भ्रमंतीची होती. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. हे गाडगेच त्यांचे ताट आणि पाण्याचे भांडे होते, आणि त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणाच्या दारी ते फुकट भाकर मागत नसत. लाकडे फोडावीत, शेतात राबावे आणि मग मिळेल ती भाकर घ्यावी, असा त्यांचा नेम होता.

गावात पाऊल टाकल्यावर ते खराटा चालवू लागत. देवळापुढील आवार, चावडीची जागा, पाणवठ्याची वाट, गटारे हे सारे ते झाडून काढीत. अनोळखी वेडा कोणी आला आहे असे समजून लोक प्रथम हसत. दुपारपर्यंत दोन-चार पोरे मदतीला येत आणि सायंकाळी वडीलधारी माणसेही ओशाळून हातभार लावीत. मग रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. दिवसा गावचा केर काढावा आणि रात्री मनाचा, असा हा क्रम होता. वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत, ते अंधश्रद्धा, पशुबळी, हुंडा, ऋण काढून केलेले सण आणि शिवाशिव यांचा समाचार घेत. मुलांना शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे तर कधीच चुकत नसे.

त्या काळी यात्रेच्या ठिकाणी अस्वच्छता म्हणजे केवळ डोळ्यांना खुपणारी गोष्ट नव्हती. लाखो माणसे नदीकाठी उतरत, तेथेच शौच करीत आणि त्याच नदीचे पाणी पीत. परिणामी पटकीची साथ पसरे आणि वारीला गेलेला माणूस परत येईलच अशी खात्री नसे. बाबा पंढरपुरी जात, परंतु देवळात दर्शनाच्या रांगेत उभे न राहता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. त्यांचा विठोबा त्या वाळवंटात उतरलेल्या माणसांत होता. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे यात्रेकरूंचे चिखलात होणारे हाल पाहून त्यांनी घाट बांधविला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांना डोके टेकण्यास जागा करून दिली. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. परंतु स्वतःसाठी वा कुटुंबासाठी त्यांतील एक पैही त्यांनी घेतली नाही. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता पुत्र गोविंद निवर्तल्याचे वर्तमान त्यांना कळले. त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

येथे एका प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे. बाबांनी खराटाच का निवडला? टाळ, वीणा, चिपळ्या ही संतांची परंपरागत साधने असता त्यांनी केरसुणीच्या जातीचे साधन हाती का धरले?

याचे उत्तर आपल्या समाजरचनेत आहे. आपल्याकडे घर स्वच्छ ठेवण्याची परंपरा जुनी आहे. पहाटे सडासंमार्जन होते, उंबरठ्यावर रांगोळी पडते. परंतु उंबरठ्याबाहेरचा केर उचलण्याचे काम विशिष्ट जातींच्या माथी मारलेले होते. टाकणारा तो उच्च आणि उचलणारा तो नीच, असा हा हिशेब होता. ज्याला केर उचलावयाचा नाही, त्याला केर टाकताना लाज कशाची वाटणार? सार्वजनिक घाण ही निष्काळजीपणातून जितकी जन्मते, तितकीच या उच्चनीच भावनेतूनही जन्मते. दुसऱ्याच्या वस्त्रांचा मळ काढणाऱ्या आपल्या ज्ञातीने या हिशेबाचा चटका पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. बाबांनी खराटा हाती घेतला तेव्हा केर आणि जातिभेद ही दोन्ही घाण त्यांनी एकाच फटक्यात झाडली. ज्या हातांनी ते गटार उपसत, त्याच हातांचा स्पर्श व्हावा म्हणून मोठमोठे लोक धडपडत आणि बाबा त्यांना पाया पडू देत नसत.

त्यांचा हा विचार कृतीतही उतरला. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पंढरपुरी निवारा नव्हता. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. धर्मशाळेपेक्षा विद्यार्थ्यांचे शिक्षण मोलाचे, ही त्यांची दृष्टी होती. बाबासाहेबांविषयी त्यांना अपार आदर होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक पेढी नदीपाशी गाडगेबाबांनीही देह ठेवला. अमरावतीस त्यांची समाधी आहे. तत्पूर्वी, १९५२ साली, त्यांच्या संस्थांचा कारभार पाहण्यासाठी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली होती.

बाबांच्या पश्चात त्यांचे नाव सरकारदरबारीही पोहोचले. २००० साली महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या वेळचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी ते नेटाने राबविले. गावोगाव लोकांनी स्वतः रस्ते झाडले, शौचालये बांधली, गावागावांत चढाओढ लागली. अमरावतीच्या विद्यापीठासही बाबांचे नाव मिळाले. २०१४ सालच्या २ ऑक्टोबरपासून देशभर स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. उघड्यावर कचरा टाकणे हा गुन्हा आहे, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा, हे आता शाळकरी मूलही सांगते. लोकांच्या वृत्तीत पालट झाला आहे, हे नाकारता येणार नाही. पूर्वी रेल्वेच्या डब्यात केळ्याची साल टाकणाऱ्यास कोणी हटकत नसे. आज निदान एखादा प्रवासी त्याच्याकडे रोखून पाहतो.

परंतु कचऱ्याचेही रूप पालटले आहे. बाबांच्या काळचा केर म्हणजे पत्रावळी, द्रोण, साली, शेण आणि खापरे. तो कुजून मातीस मिळे. आजची पिशवी, पेला आणि पुडी मातीस मिळत नाही. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी त्या अद्याप नाल्यांत तरंगताना दिसतात. कल्याणच्या आधारवाडी येथे वर्षानुवर्षे साचलेला कचऱ्याचा डोंगर आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथे कचरा टाकणे २०२१ साली थांबले. तथापि डोंगर उभा राहिला तो आपल्याच घरांतील टोपल्यांतून, हे विसरता येत नाही.

आता आपल्या मोहन्याकडे वळू. एन.आर.सी.च्या कारखान्यामुळे राज्याच्या कानाकोपऱ्यांतून, किंबहुना परप्रांतांतूनही, माणसे येथे आली आणि एका वस्तीत राहिली. २००९ साली कारखान्याचे काम थांबले. वस्ती मात्र राहिली. आपल्या शेजारून उल्हास नदी वाहते. मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी तिचे पाणी उचलून शहरांना पिण्यासाठी पुरविले जाते. त्याच पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला आपण पाहतो. जलपर्णी नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यावर पोसते. जे चंद्रभागेच्या वाळवंटात बाबांनी पाहिले, तेच थोड्या निराळ्या रूपाने आपल्या दाराशी आहे. आपण टाकतो, नदी वाहून नेते, आणि पुन्हा तेच पाणी आपण पितो.

एक प्रसंग सांगणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी आपण बाबांची जयंती मोठ्या उत्साहाने साजरी केली. मिरवणूक निघाली, भाषणे झाली, अल्पोपाहार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना मी त्याच जागेवरून गेलो. कागदी पेले, पाण्याच्या प्लॅस्टिक पिशव्या, तुडविलेली झेंडूची फुले यांचा खच पडला होता, आणि एक वृद्ध सफाई कामगार बाई वाकून तो गोळा करीत होती. तिला बाबांचे चरित्र ठाऊक होते की नाही, हे मी विचारले नाही. त्या सकाळी बाबांचे काम ती करीत होती आणि बाबांचे नाव आम्ही घेत होतो. आदल्या दिवशी व्यासपीठावर मीही बोललो होतो. माझा पेला त्या ढिगात नव्हता, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

असो. चरित्र वाचून डोळे पाणावणे सोपे आहे. बाबांना ते पुरेसे वाटले नसते. यास्तव ज्ञातिबंधुभगिनींना नम्र विनंती आहे की, येत्या २३ फेब्रुवारीस जयंतीचा कार्यक्रम संपल्यावर मंडपातील शेवटची पत्रावळ उचलली जाईपर्यंत पदाधिकाऱ्यांसह कोणीही घरी जाऊ नये. घरून पेला आणि ताट आणणे शक्य असेल त्यांनी ते आणावे. हारांचा खर्च वाचवून तो एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या वह्यापुस्तकांस द्यावा. आणि केर काढण्याचे काम केवळ स्त्रियांच्या वा मुलांच्या गळ्यात न घालता, खराटा प्रथम व्यासपीठावर बसलेल्यांनी धरावा.

बाबांनी आपल्यामागे शिष्य ठेवला नाही, गादी ठेवली नाही. ते ज्या ज्ञातीत जन्मले तिच्यापुरते ते कधीच राहिले नाहीत, म्हणूनच तिचे भूषण झाले. त्यांच्यामागे उरलेला खराटा उचलण्यास दीक्षा लागत नाही, वर्गणी लागत नाही. त्या दिवशी मंडप झाडून आपण घरी परतलो, तर जयंती खऱ्या अर्थाने साजरी झाली असे म्हणता येईल.