डेनिस बर्किट: नकाशा भरणारे डॉक्टर

मुलांनो, आम्हां इंजिनिअर पालकांना बर्किट जवळचे वाटतात, कारण तेही आधी इंजिनिअरिंगलाच गेले होते! जन्म आयर्लंडमध्ये, १९११ साली. लहानपणीच एक डोळा गेला, तरी ते सर्जन झाले. १९५७ मध्ये युगांडात, कंपालाच्या रुग्णालयात त्यांनी जबडे सुजलेली मुले पाहिली. पांढऱ्या रक्तपेशींचा हा कर्करोग; मुले काही महिन्यांत दगावत. १९६१ मध्ये जुन्या मोटारीने दहा हजार मैल फिरून त्यांनी नकाशा भरला. रोग उष्ण, दमट भागांतच आढळला! विषाणूचा संशय आला. १९६४ मध्ये लंडनला एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना त्या गाठींच्या पेशींत तो सापडलाही. बहुतेक माणसांत तो निमूट राहतो. मलेरियाची जोड मिळाली, तर क्वचित घात करतो. बर्किट १९९३ मध्ये वारले. मुलांनो, 'का?' विचाराल, तेव्हा 'कुठे?' हेही विचारा.