भाऊसाहेबांनी दिलेली पाटी

गोव्यातल्या कुठल्याही खेड्यात जा. साठी-सत्तरीच्या बायकांसमोर नुसतं ‘भाऊ’ म्हटलं तरी त्यांना बरोबर कळतं, आपण कुणाबद्दल बोलतोय ते. भाऊ म्हणजे दयानंद बांदोडकर, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. त्यांना जाऊन पन्नास वर्षं उलटली, तरी कितीतरी घरांत देवाच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो दिसतो. असं काय केलं असेल या माणसानं?

मैत्रिणींनो, त्यासाठी आधी ते कुठून आले हे पाहायला हवं. १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात त्यांचा जन्म झाला. घर गोमंतक मराठा समाजाचं. या समाजातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या सेवेला बांधलेल्या. गाणं-नाचणं त्यांचं, पण लग्नाचा मान त्यांना नाही आणि मुलांना बापाचं नाव नाही. राजाराम पैंगीणकरांसारख्या सुधारकांनी समाजातच चळवळ करून हे मोडायला सुरुवात केली. ज्या घरांकडे बघून लोक नाक मुरडत, त्याच समाजातला एक मुलगा पुढे राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला. मला तर त्यांच्या आयुष्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आधी व्यापार आणि मग खाणी असं करत बांदोडकर श्रीमंत झाले. पण पैसा आला म्हणून हात आखडला नाही. शाळेला, देवळाला, अडल्यानडल्याला मदत करणारा माणूस अशी त्यांची ख्याती झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. मोठ्या पक्षांनाच लोक निवडून देतील असं अनेकांना वाटत होतं. पण झालं उलटंच. बांदोडकरांचा नवाकोरा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला आणि २० डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले. जिंकवलं कुणी? भाटकारांच्या जमिनीत राबणाऱ्या कुळांनी, मुंडकारांनी, कष्टकरी बहुजनांनी. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जागेत झोपडी बांधून राहणारा माणूस. भाटकाराची मर्जी फिरली की चुलीसकट घराबाहेर! अशा घरातल्या बाईच्या जिवाला किती घोर असेल, विचार करा.

भाऊसाहेबांच्या सरकारनं १९६४ मध्ये कूळ कायदा आणला. मन मानेल तेव्हा कुळाला जमिनीवरून काढायची सोय त्यानं बंद केली. पण त्यांचं खरं वेड होतं ते शाळांचं. पोर्तुगीज काळात खेड्यातल्या गरिबाला शिक्षण मिळणं कठीणच. कुठे देवळाच्या पडवीत, कुठे कुणाच्या ओसरीवर खासगी मराठी शाळा चाले तेवढीच. भाऊसाहेबांनी गावोगाव, वाड्यावाड्यांवर सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या.

याचा बायकांशी काय संबंध, असं वाटेल. माझ्या सासूबाईंचंच सांगते. त्यांचं माहेर डिचोलीजवळच्या खेड्यात. थोरल्या बहिणी कधी शाळेत गेल्या नाहीत, कारण शाळा दूर आणि वाटेत ओहोळ. वाड्यावर शाळा आली तेव्हा सासूबाई बरोबर वयाच्या होत्या. मास्तर आले सावंतवाडीकडून. सासूबाई चौथीपर्यंतच शिकल्या, पण आज आमच्या बचत गटाचं पासबुक त्या स्वतः वाचतात, आणि त्यांच्या थोरल्या बहिणी अंगठा लावतात. एकाच आईच्या लेकी, एकच घर! फरक पडला तो घरापासून शाळेच्या अंतराचा. मुलीची शाळा दूर असली की आधी तिचीच शाळा सुटते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

भाऊसाहेबांचं सगळंच साऱ्यांना पटलं असं मात्र नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा हे त्यांच्या पक्षाचं ध्येय होतं. कोकणीवर जीव असलेल्यांना आणि बहुतेक ख्रिस्ती समाजाला ते मान्य नव्हतं. महाराष्ट्रातून आणलेल्या अधिकाऱ्यांबद्दलही नाराजी होती. अखेर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाला ‘फूल’, वेगळं राहायला ‘दोन पानं’. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून सरकारनं आधीच राजीनामा दिला होता. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. ज्यासाठी पक्ष काढला तीच गोष्ट ३४,०२१ मतांनी हरली.

दुसरा कुणी रुसून घरी बसला असता. भाऊसाहेबांनी लोकांचा कौल मानला आणि काही महिन्यांतच पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. गंमत बघा, ज्या लोकांनी विलीनीकरण नाकारलं त्यांनीच भाऊसाहेबांचा पक्ष पुन्हा निवडून दिला! गोवा वेगळा हवा, पण मुख्यमंत्री भाऊच हवेत, असा तो हिशोब. १९७० मध्ये त्यांच्याच काही आमदारांनी बंड केलं, कारभार एकहाती चालतो अशी टीकाही झाली. तरी १९७२ ची निवडणूकही त्यांनी जिंकली.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी आल्या त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर. वडिलांच्या नावावर आल्या असं म्हणणारे होतेच. पण मुंडकारांच्या घराला संरक्षण देणारा १९७५ चा कायदा आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक करणारी १९७६ ची दुरुस्ती ताईंच्या काळातली. वडिलांचं अर्धं राहिलेलं काम लेकीनं पुढे नेलं. १९७९ पर्यंत त्या मुख्यमंत्री होत्या. २०१६ मध्ये त्याही गेल्या. गोव्याला दुसरी महिला मुख्यमंत्री अजून मिळालेली नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

आज मिरामारला भाऊसाहेबांची समाधी आहे, पणजीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पुण्यतिथीला हार पडतात, भाषणं होतात. पण त्यांनी उघडलेल्या शाळांचं काय? पटावर मुलं नाहीत म्हणून कितीतरी सरकारी मराठी शाळा बंद पडल्या. इंग्रजी शाळेची पिवळी बस दारात येते, मुलं तिकडे जातात. त्यात आईवडिलांना दोष कसा द्यायचा? प्रत्येक आईला लेकराचं भलंच हवं असतं. पण वाड्यावर अजून एखादं घर असं असतं, जिथे बसचे पैसे भरायची ऐपत नसते. त्या घरातल्या मुलीचं काय?

आम्ही गटातल्या बायकांनी यंदा एक ठरवलंय. आपल्या वाड्यावर कोणती मुलगी शाळेत जात नाही, याची जूनमध्ये घरोघर फिरून चौकशी करायची आणि शाळा सुरू राहावी म्हणून पालक सभेला आवर्जून जायचं. तुमच्याही गावात हे करता येईल. बघा, जमतंय का.