विंडस्केलच्या धुराड्यांवरचे फिल्टर : सर जॉन कॉक्रॉफ्ट

लेक डिस्ट्रिक्टला सुटीसाठी जाणारे आपल्यापैकी अनेक जण कम्ब्रियाच्या किनाऱ्याकडे वळत नाहीत. तेथील सेलाफील्ड या अणुकेंद्राचा एक भाग पूर्वी विंडस्केल या नावाने ओळखला जाई. त्या नावाशी जॉन कॉक्रॉफ्ट यांची एक गोष्ट निगडित आहे.

कॉक्रॉफ्ट यांचा जन्म १८९७ साली टॉडमॉर्डन येथे, कापूस गिरण्यांच्या व्यवसायातील कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर ते विद्युत अभियंता झाले आणि मग केंब्रिजला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. १९३२ मध्ये अर्नेस्ट वॉल्टन यांच्यासह त्यांनी कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या कणांनी लिथियमच्या अणुकेंद्राचे विभाजन केले. त्यासाठी दोघांना १९५१ चे नोबेल मिळाले. शास्त्रज्ञाच्या अंगी अभियंत्याचा व्यवहारीपणा असणे दुर्मीळ, आणि तोच पुढे उपयोगी पडला.

१९४६ पासून ते हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. त्याच सुमारास बॉम्बसाठी प्लुटोनियम मिळवण्याकरिता विंडस्केलला दोन अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या. त्या थंड ठेवण्यासाठी आत हवा सोडली जाई आणि तीच हवा सुमारे १२० मीटर उंचीच्या धुराड्यांतून थेट आकाशात जाणार होती. अमेरिकेतील ओक रिज येथे परिसरात युरेनियमचे कण सापडल्याचे कळताच कॉक्रॉफ्ट यांनी धुराड्यांना फिल्टर बसवण्याचा आग्रह धरला. धुराड्यांचे बांधकाम तोवर बरेच पुढे गेले होते, म्हणून फिल्टर अगदी शेंड्यावर चढवावे लागले. खर्च वाढला, कटकट वाढली, आणि त्या बेढब फुगवट्यांना कॉक्रॉफ्टचा खुळेपणा असे नाव पडले. गंमत अशी की ओक रिजचे ते कण अणुभट्टीच्या धुराड्यातून आलेच नव्हते, असे पुढे सांगितले गेले. निमित्त चुकीचे असेल, खबरदारी चुकीची नव्हती.

१० ऑक्टोबर १९५७ रोजी पहिल्या अणुभट्टीच्या गाभ्यात आग लागल्याचे लक्षात आले. दुसऱ्या दिवशी धोका पत्करून पाणी सोडले गेले, तेव्हा ती आटोक्यात आली. किरणोत्सारी आयोडीन वायुरूपात निसटले. सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध ओतून द्यावे लागले. मात्र धूलिकणांचा मोठा भाग त्या हेटाळलेल्या फिल्टरांत अडकला.

एका माणसाचा हट्ट वाचवून गेला, ही त्याची थोरवी. पण सुरक्षा एकाच्या हट्टावर सोडली गेली होती, ही व्यवस्थेची उणीव. अणुभट्टी बांधणारे, चालवणारे आणि तपासणारे सारे एकाच प्राधिकरणाचे होते. १९५९ च्या कायद्याने परवान्याची पद्धत आली व १९६० मध्ये स्वतंत्र निरीक्षक मंडळ स्थापन झाले. प्राधिकरणाच्या स्वतःच्या अणुभट्ट्या मात्र कित्येक वर्षे परवान्याबाहेरच राहिल्या.

मुंबईच्या वाचकांना आणखी एक धागा ओळखीचा वाटेल. केंब्रिजच्या दिवसांपासून होमी भाभा हे कॉक्रॉफ्ट यांचे स्नेही. तुर्भे येथील अप्सरा अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे इंधन ब्रिटनहून आले होते.

१९५९ मध्ये कॉक्रॉफ्ट केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजचे पहिले प्रमुख झाले. १८ सप्टेंबर १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. आगीच्या चौकशीचा अहवाल पंतप्रधान मॅकमिलन यांनी दडपून ठेवला होता; तो पूर्ण स्वरूपात खुला झाला १९८८ मध्ये.