पारंग लाहून मार्कंड्याला

तुमच्या मित्रमंडळीत कुणाच्या तरी स्टेटसवर उन्हाळ्यात लडाख येतंच. बाईक, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका, मागे बर्फाचा डोंगर आणि खिंडीची उंची लिहिलेली पाटी. महाशिवरात्रीला त्याच स्टेटसवर मार्कंडा असतो: वैनगंगेचं पात्र, जत्रेची गर्दी, देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती. या दोन फोटोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं तुम्हाला वाटणार नाही. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या आयुष्यात ही दोन्ही ठिकाणं होती. अलेक्झांडर कनिंगहॅम त्याचं नाव. इतिहासाच्या पुस्तकात भारतीय पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख म्हणून तुम्ही ते पाठ केलं असेल, दोन मार्कांसाठी.

जन्म लंडनमधला, 1814 चा. वडील अ‍ॅलन कनिंगहॅम स्कॉटलंडचे. तरुणपणी ते दगड घडवणारे गवंडी होते आणि पुढे कवी म्हणून नावाजले. घरात पैसा बेताचाच. वडिलांच्या ओळखीतले कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी शब्द टाकला आणि अलेक्झांडर व त्याचा भाऊ जोसेफ यांना कंपनी सरकारच्या फौजेत शिकाऊ म्हणून जागा मिळाली. म्हणजे वशिला तेव्हाही लागत होता. 1833 मध्ये एकोणीस वर्षांचा हा पोरगा बंगाल इंजिनिअर्समध्ये दाखल होण्यासाठी भारतात उतरला. आज तुम्ही सेकंड इयरला असता त्याच वयात.

कलकत्त्यात त्याची गाठ जेम्स प्रिन्सेपशी पडली. टांकसाळीतला हा अधिकारी जुन्या नाण्यांवरची आणि खांबांवरची अक्षरं लावण्यात बुडालेला होता. 1837 मध्ये ब्राह्मी लिपीचं कोडं त्यानंच सोडवलं. कनिंगहॅमला तिथं जे वेड लागलं ते आयुष्यभर उतरलं नाही. एकविसाव्या वर्षी त्यानं सारनाथच्या धामेक स्तूपात खिशातले पैसे घालून खोदकाम केलं. तेव्हा त्याला ना हुद्दा होता, ना अनुदान.

पण नोकरी फौजेची होती, आणि फौजेला तेव्हा देवळांत नाही, डोंगरात रस होता. 1839 मध्ये त्याला पंजाबच्या नद्यांची उगमं शोधायला काश्मीरकडे पाठवलं गेलं. पहिल्या इंग्रज-शीख युद्धानंतर लडाख जम्मूच्या गुलाबसिंगांच्या ताब्यात राहिलं आणि इंग्रजांना त्याची हद्द नक्की करायची घाई झाली. 1846 मध्ये लाहूल-स्पितीच्या बाजूची रेषा ठरवण्याच्या कामावर कनिंगहॅम होता. पुढच्याच वर्षी तिबेटच्या बाजूची हद्द आखायला तीन जणांचं मंडळ निघालं: कनिंगहॅम, हेन्री स्ट्रेची आणि डॉक्टर थॉमस थॉमसन.

सिमल्याहून निघून स्पितीत, तिथून पारंग ला ओलांडून हानलेकडे आणि मग लेहला, असा रस्ता होता. पारंग ला साडेपाच हजार मीटरच्याही वर आहे. आपल्या सह्याद्रीतलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक रचली तरी ही खिंड वरच राहते. तिथं ना डांबरी सडक होती, ना ऑक्सिजनचं सिलिंडर. सामान याकवर आणि हमालांच्या पाठीवर. त्या काळी उंची मोजायची एक सोपी युक्ती होती: पाणी उकळायचं आणि थर्मामीटर बुडवायचा. दर 300 मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश लवकर उकळतं. म्हणजे पारंग लाच्या माथ्यावर ते ऐंशी-ब्याऐंशी अंशांतच उकळणार. केमिस्ट्रीच्या पुस्तकातलं वाक्य अशा थंडीत, बधिर बोटांनी वापरून बघायचं म्हणजे काय, याचा जरा विचार करा.

हद्द आखायला समोरच्या बाजूची माणसं यायला हवी होती. ती आलीच नाहीत. तिबेटच्या बाजूची रेषा दोघांनी मिळून आखायची राहून गेली, आणि त्या भागात आज कुणाचं सैन्य कुठे उभं आहे यावरून काय काय होतं, ते तुम्ही बातम्यांत वाचताच.

हद्दीचं काम अर्धवट राहिलं, पण कनिंगहॅमची वही भरली. 1854 मध्ये त्याचं लडाखवरचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात खिंडी, नद्या, खारी सरोवरं आहेत, तसंच तिथली माणसं, भाषा, व्यापार, मठ आणि राजांच्या वंशावळीही आहेत. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. डोंगराकडे तो नुसता उंचीचा आकडा म्हणून बघत नव्हता. या वाटेनं कोण गेलं, कशासाठी गेलं आणि वाटेत कुणाला हात जोडले, हे त्याला हवं असायचं.

त्याच ओढीनं त्याला एक जुना वाटाड्या मिळाला, बाराशे वर्षांपूर्वीचा. सातव्या शतकात चीनहून खिंडी आणि वाळवंटं तुडवत आलेला बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग. त्याच्या प्रवासवर्णनात कुठल्या गावाहून कुठल्या दिशेला किती ली गेलो, तिथं किती विहार होते, असं सगळं नोंदवलेलं आहे. कनिंगहॅमनं साधारण सहा ली म्हणजे एक मैल असा हिशोब धरला आणि नकाशावर ती वाट पुन्हा चालायला घेतली. 1861 मध्ये फौजेतून निवृत्त होताच तो सरकारचा पुरातत्त्व सर्वेक्षक झाला. पाच वर्षांत खर्चाच्या कारणानं खातं बंद पडलं. 1871 ला पुन्हा उघडलं, तेव्हा प्रमुख म्हणून तोच.

आता आपला भाग बघा. ह्युएन त्संग लिहितो की कलिंगातून वायव्येला 1800 ली गेल्यावर कोसल नावाचं राज्य लागलं. कनिंगहॅमच्या मापानं 300 मैल. मग राजधानी कुठली? 1871 च्या पुस्तकात त्यानं जी नावं तपासली त्यांत चांदा होतं. जेम्स फर्ग्युसन या दुसऱ्या अभ्यासकानं वैरागड सुचवलं, म्हणजे आपल्या आरमोरी तालुक्यातलं. लंडनमध्ये बसून लोक चांदा की वैरागड यावर वाद घालत होते, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. 1873 ते 1875 या दोन हंगामांत साठीच्या घरातला कनिंगहॅम मध्य प्रांतात फिरला. चांद्याला तेव्हा आगगाडी पोचलेली नव्हती.

भांदकला, म्हणजे आजच्या भद्रावतीला, विजासनच्या टेकडीत त्याला लेणी दिसली. तुम्ही गेला असाल तर आठवेल: डोंगराच्या पोटात सरळ गेलेला लांब बोळ, शेवटी अंधारात बसलेला बुद्ध आणि दोन बाजूंना तसेच आणखी बोळ. लडाखच्या मठांत बुद्धासमोर तेवते दिवे पाहिलेला माणूस इथं विझलेल्या गाभाऱ्यात उभा होता. पुस्तकातल्या कोसलाच्या जवळ आपण आलोय, असं त्याला वाटलं तर नवल नाही. पण आज बरेच अभ्यासक ती राजधानी छत्तीसगडमधल्या सिरपूरला धरतात. चांदाही नाही आणि वैरागडही नाही.

मार्कंड्याला मात्र त्याला कुठल्याच प्रवासवर्णनाची गरज पडली नाही. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा इथं वळून उत्तरेला तोंड करते, आणि त्या वळणावर हजारेक वर्षांपूर्वीची देवळं. 196 फूट लांब, 118 फूट रुंद आवारात लहानमोठी चोवीस देवळं, अशी नोंद आहे. त्यानं ती खजुराहोच्या पंक्तीला बसवली. मुख्य देवळावर कधीकाळी वीज पडून छत कोसळलं होतं आणि गोंड राजाच्या काळात त्याची डागडुजी झाली होती. घडीव कोरीव खांबांशेजारी तो साधा आधार दिसायचा.

त्याच्या नजरेतून जे सुटलं तेही सांगायला हवं. हडप्प्याला तो तीनदा गेला, एक मुद्रा हातात आली आणि ती परदेशी असावी म्हणून पुढे गेला. एवढी मोठी संस्कृती पायाखाली होती. आणि आपल्या जंगलातले डोंगर? एटापल्लीतल्या सुरजागडावर ठाकूरदेव आहे, जानेवारीत गावंच्या गावं तिथं जमतात. तिथं ना शिलालेख, ना नाणं. झाड, दगड, डोंगर हाच देव. कनिंगहॅमच्या पद्धतीला अशा जागी धरायला काही नव्हतं. अक्षर कोरलेलं असेल तरच जागा जुनी, ही सवय त्यानं लावली आणि आपण ती अजून सोडलेली नाही. त्याच सुरजागडावर आज लोहखनिज निघतंय. तिथं काय जुनं आहे हे ठरवताना कागद मागितला जातो, तेव्हा ही सवय महाग पडते.

1885 मध्ये एकाहत्तराव्या वर्षी तो निवृत्त होऊन लंडनला परतला. त्याच साली त्याच्या संग्रहातल्या वस्तू घेऊन निघालेलं ‘इंडस’ नावाचं जहाज श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ बुडालं. 1893 मध्ये तो गेला.

त्याच्या चांदा-मार्कंड्याच्या नोंदी पुरातत्त्व अहवालांच्या नवव्या खंडात आहेत, 1879 चा तो. इंटरनेटवर फुकट मिळतो. मार्कंड्याचे दगड उतरवून पुन्हा रचायचं काम कित्येक वर्षं रेंगाळलंय, हे तुम्ही ऐकून असाल. पुढच्या वेळी जाल तेव्हा तो खंड मोबाईलमध्ये घेऊन जा आणि आवारात उभं राहून देवळं मोजा. चोवीसपैकी किती सापडतात ते बघा, आणि कुठलं कुठे होतं ते तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना विचारा.