आर्तुरी विर्तानेन : गव्हाणीत पोहोचलेले रसायनशास्त्र

फिनलंडमध्ये वर्षातील निम्म्याहून अधिक काळ गुरे गोठ्यात बांधून ठेवावी लागतात. उन्हाळा अल्प आणि पावसाळी, त्यामुळे गवत वाळवून साठवावे तर ते भिजून कुजते. पूर्वी हिवाळा सरेपर्यंत गाई खंगत आणि दूध आटत असे. शेतकऱ्याची ही पिढ्यान्‌पिढ्यांची विवंचना प्रयोगशाळेत सोडवणारा शास्त्रज्ञ म्हणजे आर्तुरी इल्मारी विर्तानेन.

१५ जानेवारी १८९५ रोजी हेलसिंकी येथे त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत इंजिनचालक होते. १९१९ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवल्यावर झुरिच आणि स्टॉकहोम येथे त्यांनी पुढील अध्ययन केले. मात्र कर्मभूमी म्हणून त्यांनी निवडली ती वालिओ या सहकारी दुग्धसंघाची प्रयोगशाळा. १९३१ मध्ये हेलसिंकीत जीवरसायन संस्था उभी राहिली आणि तिचे संचालकपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

हिरवा चारा मुरवताना त्यातील प्रथिने आणि जीवनसत्त्वे का नष्ट होतात, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. चाऱ्याचा सामू ४ च्या खाली आणला, की वनस्पतीच्या पेशींचे श्वसन आणि घातक जिवाणूंचे आंबवण थांबते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यासाठी त्यांनी कापलेल्या चाऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक आम्ल शिंपडण्याची पद्धत १९२८ मध्ये विकसित केली. आम्ल जनावराला बाधेल, ही शंका त्यांनी चिकाटीने प्रयोग करून दूर केली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘एआयव्ही’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मुरघासामुळे भर हिवाळ्यातही दुधाला कॅरोटीन मिळू लागले. १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले ते प्रामुख्याने याच कार्याबद्दल.

चाऱ्यातील काय दुधात उतरते, हा विषय त्यांनी पुढेही सोडला नाही. कोबीवर्गीय वनस्पतींत थायरॉईड ग्रंथीच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. असा चारा खाणाऱ्या गाईंच्या दुधामुळे मुलांना गलगंड होतो, असा संशय १९५० च्या दशकात टास्मानियात व्यक्त झाला होता. विर्तानेन यांनी गाईंवर प्रयोग केले. दुधात उतरणारे या द्रव्यांचे प्रमाण गलगंड होण्याइतके नसते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

साठीनंतर त्यांनी सर्वांत धाडसी प्रयोग हाती घेतला. प्रथिनांचा अंशही नसलेले खाद्य गाईंना द्यायचे! शुद्ध सेल्युलोज, स्टार्च, साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि नायट्रोजनसाठी केवळ युरिया व अमोनियमचे क्षार. युरिया अकस्मात व जास्त दिल्यास जनावराला विषबाधा होते, म्हणून गाईंना त्याची सवय हळूहळू लावण्यात आली. गाईच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजीव अमोनियापासून स्वतःची प्रथिने बनवतात आणि पुढे तेच सूक्ष्मजीव गाईचा आहार होतात. या खाद्यावर गाई गाभण राहिल्या, व्याल्या आणि चांगल्या गाईने वर्षाला ४ हजार किलोहून अधिक दूध दिले. दुधाची घडण नेहमीच्या दुधासारखीच होती. १९६६ मध्ये हे निष्कर्ष ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जगाच्या प्रथिनटंचाईत माणसाच्या अन्नाशी स्पर्धा न करता गाय दूध देऊ शकेल, ही आशा त्यामागे होती.

११ नोव्हेंबर १९७३ रोजी विर्तानेन यांचे निधन झाले. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव दिले गेले. तथापि त्यांचे खरे स्मारक आहे ते गोठ्यात. युरिया बेतानेच द्यावा, हा पशुखाद्यातील दंडक आणि गाईला चारताना आपण तिच्या पोटातील सूक्ष्मजीवांनाही चारत असतो, ही जाण यांचा पाया पक्का करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.